गॅमा-किरण दुर्बिणीचे आरसे आणि प्रकाश-शंकू: अचूकता नेमकी कुठे खर्च करायची?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळ छोटं ऑप्टिक्स वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय, "आम्ही लेन्स, प्रिझम, छोटे आरसे करतो. लडाखमधल्या हानलेच्या 'मेस' या गॅमा-किरण दुर्बिणीबद्दल वाचलं. अशा दुर्बिणींचे आरसे आणि कॅमेऱ्यापुढचे प्रकाश-शंकू आमच्यासारख्यांना करता येतील का? नेहमीच्या खगोलीय ऑप्टिक्सपेक्षा यात वेगळं काय?"

करता येतील. फक्त लॅम्डा बाय टेनची (पृष्ठभाग तरंगलांबीच्या दशांशापर्यंत अचूक ठेवण्याची) सवय दाराबाहेर ठेवून आत यावं लागेल. या दुर्बिणींना अचूकता लागते, पण तुम्ही जिथे ती ओतता तिथे नाही.

आधी ही दुर्बीण बघते काय ते सांगतो, कारण सगळी स्पेसिफिकेशन्स तिथूनच येतात. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. साधारण वीस किलोमीटर उंचीवर तो हवेतल्या अणुकेंद्रकाला धडकतो, कणांचा पाऊस सुरू होतो आणि हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावणाऱ्या त्या कणांमुळे चेरेन्कोव्ह प्रकाशाची निळसर-अतिनील झळक उठते. ती जेमतेम काही नॅनोसेकंद टिकते. जमिनीवर तिचं वर्तुळ साधारण १२० मीटर त्रिज्येचं असतं आणि १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणासाठी त्यात दर चौरस मीटरला शंभरेक फोटॉन मिळतात. कॅमेऱ्यात उमटतो तो एक लांबट, धूसर ठिपका. तो मुळातच धूसर आहे, कारण हा पाऊसच आकाशात अंशाच्या मोठ्या भागावर पसरलेला असतो. मेसचा एक पिक्सेल ०.१२५ अंशाचा आहे, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पावपट. ताऱ्यांच्या दुर्बिणीचा माणूस आर्क-सेकंदांत बोलतो. इथे पिक्सेलच साडेचारशे आर्क-सेकंदांचा.

म्हणून या क्षेत्राचा जन्मही अगदी गावठी ऑप्टिक्समधून झाला. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये गॅलब्रेथ आणि जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात २५ सेंटीमीटरचा आरसा आणि वर एक फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश टिपणारी नळी) बसवून आकाशातल्या या झळका पहिल्यांदा पकडल्या. आपल्याकडे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) लोकांनी उटीला सर्चलाइटचे जुने आरसे वापरून काम सुरू केलं. अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीची १० मीटरची डिश ज्या डेव्हिस-कॉटन रचनेची, ती रचना मूळची सौरभट्टीसाठीची. आणि १९८९ मध्ये क्रॅब तेजोमेघाचे टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट गॅमा किरण पहिल्यांदा खात्रीने दिसले ते त्याच डिशमधून.

आता तुमच्या टेबलावरचा हिशोब. मेसची डिश २१ मीटरची, नाभीय अंतर २५ मीटर. तिच्यावर ३५६ पॅनेल, प्रत्येकावर चार, म्हणजे एकूण १४२४ चौकोनी फॅसेट (आरशाचे तुकडे), प्रत्येकाची बाजू ४८८ मि.मी. फॅसेटची वक्रता-त्रिज्या सुमारे ५० मीटर, म्हणजे मधला खोलगटपणा कोपऱ्यापर्यंत मोजला तरी जेमतेम १.२ मि.मी. नुसत्या डोळ्यांना तो सपाटच वाटतो. पृष्ठभागाचा उतार ०.१ मिलिरेडियनने चुकला तर परावर्तित किरण ०.२ मिलिरेडियनने वळतो आणि २५ मीटरवर ५ मि.मी. सरकतो. पिक्सेल ५५ मि.मी.चा आहे, चालून जातं. तुमचा लॅम्डा बाय टेनचा पृष्ठभाग उताराच्या भाषेत याच्यापेक्षा शेकडो पट चांगला असेल. त्या शेकडो पटींचे पैसे कुणी देणार नाही, कारण त्यांचा उपयोग शून्य.

मात्र खडबडीतपणात सवलत नाही. इथेच बरेच नवे लोक घसरतात. आकार ढिला चालतो म्हणून पॉलिशही ढिलं चालेल असं त्यांना वाटतं. विखुरणारा प्रकाश खडबडीतपणाच्या वर्गाने वाढतो आणि तरंगलांबीच्या वर्गाने उलटा, आणि आपला मामला ३०० ते ५५० नॅनोमीटरचा, त्यातही मलई ३५० च्या आसपास. ३०० नॅनोमीटरवर आरएमएस (एक प्रकारची सरासरी) खडबडीतपणा २ नॅनोमीटर असेल तर ०.७ टक्के प्रकाश विखुरतो, ५ असेल तर ४.४ टक्के, आणि १० झाला की सोळा-सतरा टक्के गेलेच म्हणून समजा. हिरव्या लेझरखाली झकास दिसणारा डायमंड-टर्न केलेला (हिऱ्याच्या हत्याराने वळवलेला) ॲल्युमिनियमचा आरसा अतिनीलमध्ये धुरकट निघतो तो याच कारणाने. त्यातून हत्याराच्या नियमित खाचा ग्रेटिंगसारख्या वागतात ते वेगळंच.

यावरूनच एक सल्ला: परावर्तनाचा आकडा कुठल्या यंत्रावर घेतलाय ते आधी विचारा. एकदा एका पुरवठादाराचे नमुने आमच्याकडे आले, कागदावर आकडे देखणे होते. मोजमाप इंटिग्रेटिंग स्फिअरवर केलेलं होतं, म्हणजे आरशावरून कुठल्याही दिशेला उडालेला प्रकाश "परावर्तित" म्हणून जमा. आम्ही नाभीवर पिक्सेलएवढ्या वर्तुळात येणारा प्रकाश मोजला तेव्हा आकडा बराच खाली आला. दोन्ही मोजमापं खरी होती, पण दुर्बिणीला फक्त दुसऱ्याचं घेणंदेणं आहे.

डिशचा आकार कसा ठरतो हेही जाणून घ्या, कारण त्यावर तुमचे साचे ठरतात. डेव्हिस-कॉटनमध्ये सगळे फॅसेट एकसारखे असतात, एकाच साच्यातून काढा. पण ते नाभीभोवतीच्या गोलावर बसतात, त्यामुळे कडेच्या फॅसेटवरचा प्रकाश आधी पोचतो. नामिबियातल्या हेस दुर्बिणींच्या १३ मीटर डिशचं बघा: नाभीय अंतर १५ मीटर, कडेचा भाग मधल्यापेक्षा १.४८ मीटर पुढे, म्हणजे प्रकाशाला जवळजवळ ५ नॅनोसेकंदांचा फरक. तेवढं निभावतं. हीच रचना मेसच्या मापाला केली तर फरक साडेसात नॅनोसेकंदांच्या वर जातो, झळकेपेक्षा लांब. मग कॅमेऱ्याला जास्त वेळ उघडं राहावं लागतं आणि तेवढ्या वेळात रात्रीच्या आकाशाचा उजेड आत शिरतो. म्हणून मोठ्या डिश परवलयी करतात: कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावरची १७ मीटरची मॅजिक, सीटीएओ या आंतरराष्ट्रीय चेरेन्कोव्ह वेधशाळेची २३ मीटरची एलएसटी, आपली मेस. परवलयी डिशमध्ये मध्याकडून कडेकडे जाताना फॅसेटचं नाभीय अंतर थोडं थोडं वाढत जातं. त्यामुळे एक साचा पुरत नाही, आणि कुठला फॅसेट कुठल्या वलयातला याची नोंद चुकली की अलाइनमेंटवाले रडतात.

बनवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एक म्हणजे ॲल्युमिनियमचं हनीकोम्ब (मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचं) सँडविच करून वरचा पत्रा डायमंड टूलने वळवणं. मेस आणि मॅजिकचे बरेच आरसे असे. दुसरी कोल्ड स्लंपिंग: एक-दोन मि.मी. जाडीची काच खोलीच्या तापमानालाच निर्वाताने साच्यावर ओढून बसवायची, मागे हनीकोम्ब आणि पुन्हा काच चिकटवायची, चिकट द्रव्य सुकलं की काच साच्याचा आकार धरून राहते. मॅजिकच्या दुसऱ्या दुर्बिणीचे काही आरसे आणि एलएसटीचे दीड मीटरचे षटकोन असेच झाले. खोलगटपणा इतका कमी आहे म्हणूनच हे जमतं. सीटीएओच्या छोट्या, दोन आरशांच्या दुर्बिणींत १.८ मीटरचा दुय्यम आरसा फार वक्र असतो, तिथे काच भट्टीतच वाकवावी लागते. त्या वाटेला एवढ्यात जाऊ नका.

वजन कमी ठेवण्याचा आग्रह हौस म्हणून नाही. गॅमा-किरण स्फोटाची सूचना आली की दुर्बीण क्षणात वळावी लागते. जानेवारी २०१९ मधल्या जीआरबी १९०११४सी या स्फोटाकडे मॅजिक साधारण मिनिटभरात बघू लागली होती. जाडजूड काचेच्या आरशांनी ते झालं नसतं.

सँडविचवर मात्र थोडं थांबतो, कारण घोटाळे तिथेच होतात. समजा तुम्ही पुण्यात हनीकोम्ब पॅनेल हवाबंद चिकटवलं आणि हानलेला पाठवलं. तिथली उंची ४,३०० मीटरच्या आसपास, हवेचा दाब इथल्या साठेक टक्के. आतली हवा बाहेर ढकलते ती चौरस मीटरला सुमारे चार टनांच्या जोराने; मेसच्या फॅसेटच्या मापावर सुमारे एक टन. चिकटवलेला जोड सुटला नाही तरी पृष्ठभाग फुगतो, आणि आपल्या हिशोबात एक दशांश मिलिमीटर म्हणजे खूप झालं. उपाय म्हणून हनीकोम्बला छिद्रं ठेवायची, हवा मोकळी. मग त्याच छिद्रांतून बाष्प आत येतं, रात्री साचतं, गोठतं, फुगतं, आणि चार हिवाळ्यांत पेशींची जाळी वरच्या पृष्ठभागावर उमटायला लागते. त्यामुळे छिद्र खालच्या बाजूला हवं, पार्किंगच्या स्थितीत "खाली" म्हणजे नेमकं कुठे हे डिशवरच्या प्रत्येक जागेसाठी वेगळं, आणि कडेचं सील उन्हात न तडकणारं हवं. ड्रॉइंगमध्ये ही एक बारीक रेघ असते, पण आरशाचं आयुष्य तिच्यावर ठरतं.

तापमानाचंही तसंच. ॲल्युमिनियम अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन आकुंचन पावतं, साधी काच ९ च्या आसपास. ५० अंशांच्या फरकाला एका मीटरमागे ०.७ मि.मी.ची तफावत. एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा लावलात तर पॅनेल पापडासारखं वळेल. दोन्ही बाजूंना काच, नाहीतर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, एवढं पाळा.

कोटिंगकडे येऊ. चांदी विसरा, ती निळ्याच्या पलीकडे कोसळते. ॲल्युमिनियमला पर्याय नाही आणि त्याच्यावर सिलिकाचं कवच. कवचाची जाडी जमेल तशी ठेवायची नसते. ३५० नॅनोमीटरसाठी अर्ध्या तरंगलांबीचा थर धरला तर ती सुमारे १२० नॅनोमीटर येते. वीस-पंचवीस इकडेतिकडे झाली की परावर्तनाचं शिखर आपल्या मलईवरून सरकतं. सिलिका आणि हाफ्नियमसारख्या ऑक्साइडचे जास्त थर दिले तर परावर्तन आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतात. मग कुणी म्हणेल, ॲल्युमिनियम काढूनच टाकू आणि नुसते डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या पदार्थांचे) थर देऊ, गंजायला धातूच नको. प्रयोगशाळेत हे कोटिंग अप्रतिम निघालं. उघड्यावर ठेवल्यावर कळलं की ते अवरक्तमध्ये उष्णता जोरात उत्सर्जित करतं, स्वच्छ आकाशाकडे तोंड करून रात्रीत हवेपेक्षा थंड होतं आणि त्याच्यावर आधी दव धरतं. ॲल्युमिनियमचा थर ही उष्णता धरून ठेवतो. या दुर्बिणींना घुमट नसतो हे लक्षात ठेवा. ऊन, बर्फ, नामिबियाची वाळू, ला पाल्मावर सहारातून येणारी धूळ, सगळं थेट आरशावर. परावर्तन वर्षागणिक उतरतंच, म्हणून ॲरिझोनातल्या व्हेरिटास दुर्बिणींच्या गटाने जागेवरच पुन्हा कोटिंग करण्याची सोय ठेवली आणि हेसच्या आरशांना काही वर्षांनी नवं कोटिंग द्यावं लागलं.

आता प्रकाश-शंकू. माझ्या मते तुमच्यासारख्यांनी सुरुवात इथून करावी.

मेसच्या कॅमेऱ्यात १,०८८ फोटोमल्टिप्लायर आहेत. नळीचा व्यास ३८ मि.मी., पण दोन नळ्यांच्या केंद्रांतलं अंतर ५५ मि.मी. ५५ मि.मी.च्या षटकोनाचं क्षेत्रफळ २,६२० चौ.मि.मी., नळीच्या तोंडाचं १,१३४. नुसत्या नळ्या मांडल्या तर ५७ टक्के प्रकाश मधल्या फटींत जाईल. म्हणून प्रत्येक नळीपुढे षटकोनी तोंडाचा, आतून चकचकीत शंकू, परवलयी भिंतींच्या 'विन्स्टन शंकू'च्या घराण्यातला. तो प्रकाश गोळा करतो आणि दुसरं तितकंच महत्त्वाचं काम करतो: फक्त डिशकडूनच येणारा प्रकाश आत घेतो. डिशच्या कडेचा किरण साधारण २४ अंशांनी येतो. त्याच्यापेक्षा बऱ्याच तिरक्या कोनातून येणारा प्रकाश डिशचा नसतोच. तो बर्फावरून, जमिनीवरून, बाजूच्या आकाशातून आलेला. शंकूने तो परतवला पाहिजे. उदाहरणार्थ मर्यादा ३० अंशांची ठेवली तर आदर्श शंकूचं मागचं तोंड पुढच्याच्या पाव क्षेत्रफळाचं होतं, म्हणजे सुमारे २९ मि.मी. व्यासाचं. ३८ च्या नळीत ते कडेला माया सोडून बसतं.

पुस्तकातला विन्स्टन शंकू गोल असतो. षटकोनी केला की कोपऱ्यांतले तिरपे किरण उलटे फिरतात आणि मर्यादा धारदार राहत नाही. म्हणून एलएसटीसाठी जपानी गटाने परवलयाऐवजी बेझिए वक्र (मोजके बिंदू हलवून हवा तसा वाकवता येणारा वक्र) घेऊन किरणांचं सिम्युलेशन करत आकार शोधला. आजच्या संगणकावर हे तुम्हालाही जमण्यासारखं आहे.

खरी मेख यांत्रिक आहे. दोन शेजारच्या शंकूंच्या कडा मिळून १ मि.मी. जागा निकामी झाली तर गेला किती प्रकाश? ५४ भागिले ५५, त्याचा वर्ग: ३.६ टक्के गेला. तेवढाच प्रकाश आरशांतून भरून काढायचा तर मेसला आणखी पन्नासेक फॅसेट लागतील, त्यांना हलवणाऱ्या ॲक्चुएटर-सांगाड्यासकट. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये अर्धा मि.मी.ची, पुढे सुरीसारखी होत गेलेली धार न मोडता आणि न आकसता काढणं हे तुमचं कौशल्य. त्यासाठी गिऱ्हाईक खुशीने पैसे मोजेल.

आतल्या भिंतीचं परावर्तनही तसंच. धरा की साठ टक्के किरण एकदा भिंतीला लागून जातात. भिंत ८५ टक्क्यांची असेल तर एकूण ९ टक्के गेले, ९५ ची असेल तर ३. प्लास्टिकवर निर्वातात ॲल्युमिनियम चढवता येतं, पण प्लास्टिक निर्वातात वायू सोडतं आणि थर धुरकट होतो. आधी लॅकरचा बेस कोट हवा. बहुस्तरीय पॉलिमर फिल्म दृश्य प्रकाशात ९८ टक्क्यांपर्यंत जाते, पण ४०० नॅनोमीटरच्या अलीकडे घसरते, म्हणजे जिथे आपलं काम सुरू होतं तिथेच. एलएसटीच्या शंकूंत अशाच फिल्मवर अतिनीलसाठी आणखी थर द्यावे लागले.

आणि मोजताना समोरून मोजू नका. डिशचं निम्मं क्षेत्रफळ बाहेरच्या वलयात असतं. मेसच्या मापांनी बघितलं तर निम्मा प्रकाश १७ ते २४ अंशांच्या पट्ट्यातून येतो. शून्य अंशाला ९५ टक्के दाखवणारा शंकू २० अंशाला ८० देत असेल तर तो ८० चाच.

पिक्सेल लहान झाले की गणित बदलतं. ला पाल्मावरच्या फॅक्ट दुर्बिणीने २०११ मध्ये सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर वापरले आणि १,४४० पिक्सेलना पोकळ शंकूंऐवजी ॲक्रिलिकचे भरीव शंकू चिकटवले. भरीव शंकूत पूर्ण आंतरिक परावर्तन मिळतं, कोटिंगचा प्रश्नच मिटतो, पण सामग्री अतिनील पारदर्शक हवी. बाजारातल्या साध्या ॲक्रिलिकमध्ये अतिनील शोषणारी द्रव्यं घातलेली असतात. सिलिकॉनला लाल प्रकाशही दिसतो आणि रात्रीचं आकाश लालकडेच जास्त उजळ असतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या खिडकीवर ५५० नॅनोमीटरच्या पुढचं कापणारं फिल्टर लागतं. असं फिल्टर तिरक्या किरणांना निळ्याकडे सरकतं. उदाहरणार्थ, फिल्टरचा अपवर्तनांक १.८ धरला तर ४२० नॅनोमीटरचं फिल्टर २५ अंशाला ४०८ वर येतं. खिडकीवरच्या रुंद फिल्टरला हे सोसतं. पण व्हेरिटासने याच डिश वापरून ताऱ्यांचे व्यास मोजायला तीव्रता-व्यतिकरणमापन (दोन दुर्बिणींतल्या प्रकाशाच्या चढउतारांची तुलना) सुरू केलं, तिथे फिल्टर अरुंद असतात आणि हे सरकणं डोकेदुखी होतं. छोट्या संख्येतलं, बारीक काम करणाऱ्या वर्कशॉपला साजेसं हेही एक क्षेत्र आहे.

पूर्ण साखळी एकदा गुणून बघा: आरसा ०.८७, सांगाड्याची सावली ०.९, खिडकी ०.९२, शंकू ०.८८, नळीची क्वांटम क्षमता (आलेल्या फोटॉनपैकी किती टिपले जातात) ०.३. उत्तर ०.१९. पाचातला एक फोटॉन. कुठल्याही एका दुव्यातला एक टक्का हा शेवटच्या आकड्यातलाही एक टक्काच असतो, म्हणून जो सर्वात स्वस्तात मिळेल तो आधी घ्यायचा. बहुतेक वेळा तो शंकूच्या कडेत किंवा खिडकीच्या अँटी-रिफ्लेक्शन थरात सापडतो. आणि दुर्बीण उभी राहिल्यावर ही साखळी लपवता येत नाही: आकाशातून येणारा म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) कॅमेऱ्यात प्रकाशाचं कडं उमटवतो, कड्यात किती प्रकाश असायला हवा हे भौतिकशास्त्र सांगतं, किती मिळाला हे कॅमेरा सांगतो. तुमच्या आरशापासून नळीपर्यंतची सगळी घट त्यात उघडी पडते.

तर प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. शंकूचे सात नमुने करा, एक मध्ये आणि सहा भोवती, कारण कडांचा दोष एकट्या नमुन्यात दिसत नाही. फिरत्या टेबलावर शून्य ते ४० अंश, ३०० ते ५५० नॅनोमीटरच्या तीन-चार एलईडींनी मोजा. मग तेच नमुने उणे तीस ते अधिक साठ अंशांत फिरवा, दमट पेटीत आणि मिठाच्या फवाऱ्यात ठेवा, कोटिंगवर टेप लावून ओढा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आलेख शेजारी छापून पाठवा. फॅसेटकडे वळायचं असेल तर पहिला खर्च मशीनचा करू नका. पन्नास-साठ मीटरची, वारा नसलेली, बंद मार्गिका शोधा. फॅसेटच्या वक्रतेच्या केंद्रावर दिवा आणि कॅमेरा ठेवला की ठिपका तिथेच परत येतो, आणि ऐंशी टक्के प्रकाश किती व्यासात बसतो ते थेट दिसतं. शेडमध्ये हे करायचं तर पहाटे करा, दुपारी पत्रा तापला की हवेचे थर ठिपक्याला नाचवतात.